शास्त्राची वही आणि ट्रेलरचा ब्रेक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९२ च्या तुकडीतर्फे केलेलं भाषण. बोलताना जसं झालं तसंच, थोडी काटछाट करून इथं दिलं आहे.)



माझं नाव पुकारलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आता ह्यो काय बोलणार, हॉर्न वाजवणार." बरोबर आहे. आपल्या तुकडीत डॉक्टर झाले, वकील झाले, दोघं परदेशात आहेत, एक तहसील कचेरीत आहे. मी दहावीला ४६ टक्के मिळवले आणि पुढच्याच वर्षी चुलत्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. आपल्या माणदेशात तेव्हा दोन वाटा होत्या. पाऊस पडला तर शेत, नाही पडला तर मुंबई. पाऊस पडला नाही. तेव्हापासून तीस वर्षांवर माझा जन्म रस्त्यावर गेला. त्यातली वीस वर्षं न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर ट्रेलरवर. गेली काही वर्षं रात्रीचं नीट दिसत नाही म्हणून एका यार्डात ट्रेलर तपासायचं काम करतो.

संयोजकांनी सांगितलं, शाळेनं तुम्हाला काय दिलं त्यावर बोला. इतरांनी संस्कार सांगितले, शिस्त सांगितली. मला शाळेनं एक वही दिली. ती कशी मिळाली आणि मी ती किती उशिरा उघडली, एवढंच सांगणार आहे.

नववीत असताना आमचे शास्त्राचे सर प्रयोग घ्यायचे. सर आज समोर आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात पाणी ठेवलं होतं आणि उकळलं की थर्मामीटर वाचून लिहायचं होतं. मी काही वाचलं नाही. पुस्तकात १०० होतं, मी वहीत १०० लिहिलं. सरांनी वही घेतली, थर्मामीटर माझ्या डोळ्यासमोर धरला. पारा ९८ वर होता. सर म्हणाले, "तुला १०० कुठं दिसलं?" मी म्हटलं, "पुस्तकात." सरांनी लाल पेनानं माझे १०० खोडले आणि शेजारी लिहिलं, 'जे दिसलं ते लिही.' नंतर सगळ्या वर्गाला सांगितलं, आपलं गाव समुद्रापासून उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. पुस्तकही खरं आणि तुमचा थर्मामीटरही खरा, पण वही तुमची आहे.

त्याच वर्षी सरांनी सायकलचा पंप आणला होता. तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकला म्हणाले. अंगठा उडाला. "हवेत एवढी ताकद असते," सर म्हणाले. पुढची सगळी वर्षं माझा जीव त्याच हवेवर होता. ते कसं, ते आधी सांगतो, कारण इथं बसलेले बहुतेक जण गाडीतून जाताना ट्रेलरच्या मागं असता आणि मनात आम्हाला शिव्या देत असता.

कंटेनरचा ट्रेलर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. पुढं इंजिन आणि केबिन असलेला भाग, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागं बिनइंजिनाचा लांबलचक सांगाडा, तो ट्रेलर. दोन्ही एका खुंटीवर जोडलेले असतात. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी लोखंडी खुंटी असते, ती घोड्याच्या पाठीवरच्या जबड्यात अडकते. माल, कंटेनर आणि गाडी धरून चाळीस टनांच्या आसपास वजन त्या एका खुंटीच्या मागं ओढलं जातं.

ब्रेक हवेचे. घोड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. तिथून दोन पाईप ट्रेलरकडं जातात. एक ट्रेलरची टाकी भरलेली ठेवतो, दुसरा ड्रायव्हरनं पायडल दाबल्याची खबर मागं पोचवतो. चाकाजवळ एक डबी असते, चेंबर. तिच्यात रबराचा पडदा असतो. हवा आली की पडदा दांडा ढकलतो, दांडा एक तरफ फिरवतो आणि लायनर ड्रमला घासतो. सरांनी शिकवलेलं सगळं त्यात आहे. हवेचा दाब, तरफ, घर्षण आणि घर्षणातून उष्णता.

आता यातलं काहीही एका दिवसात बिघडत नाही. रबराचा पडदा आधी बारीक चिरतो, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो. लायनर रोज थोडं झिजतं. झिजलं की दांड्याला जास्त लांब जावं लागतं, म्हणून ती तरफ पान्यानं पिळून घ्यावी लागते. नाही पिळली, तर एक दिवस दांडा पूर्ण बाहेर येतो आणि लायनर ड्रमला नीट टेकतच नाही. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, कारण घोड्याचे ब्रेक सगळं सांभाळून घेतात. ते घाटात कळतं.

घोडा ड्रायव्हरचा असतो. म्हणजे मालकीचा नाही, पण त्यात आपण झोपतो, देवाचा फोटो लावतो, म्हणून त्याची काळजी घेतो. ट्रेलर कुणाचाच नसतो. यार्डात दहा-बारा ट्रेलर उभे असतात, सुपरवायझर सांगेल तो जोडायचा. काल दुसऱ्यानं चालवला, उद्या तिसरा चालवेल. सुस्कारा सगळ्यांना ऐकू येतो आणि सगळ्यांना वाटतं, पुढचा सांगेल. मालकाला सांगितलं तर तो म्हणतो, ही फेरी मार, आल्यावर बघू. मालकाचंही मला कळतं. बँकेचा हप्ता थांबत नाही. बंदराच्या रांगेत गाडी आधीच एक दिवस खाते. गाडी गॅरेजला दोन दिवस उभी राहिली की महिन्याचं गणित मोडतं. पासिंग जवळ आलं की मग लाईट लागतात, रिफ्लेक्टर चिकटतात, दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढतात, आणि पासिंग झालं की ते परत उतरतात. हे मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे. दुसऱ्यावर ढकलत नाही.

आणि ड्रायव्हर काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे मी पाहिलेत आणि तरुणपणी मीही मारलेलं आहे. गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे मला चुलत्यानं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. माहीत असणं आणि करणं यांत फरक असतो.

२००९ साली जूनमध्ये माझ्याकडं क्लीनर म्हणून एक पोरगा होता. आपल्याच शाळेचा, आपल्याच गावचा. १९ वर्षांचा. त्याच्या आईनं माझ्या हातात त्याचा हात देऊन सांगितलं होतं, "भावजी, तुमच्या भरवशावर पाठवतीय." तो मला आण्णा म्हणायचा. तो आज इथं आलाय. मी जे सांगणार आहे ते त्याला विचारून सांगतोय. काल रात्री त्याच्या दुकानावर बसून त्याला म्हटलं, बोलू का? तो म्हणाला, "बोला आण्णा, पण मला बिचारा करू नका."

त्या वेळी आमच्या ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकाचं चेंबर गळत होतं. पंधरा दिवसांत मी तीन वेळा सुपरवायझरला सांगितलं. तोंडी. तिसऱ्यांदा त्यानं मेकॅनिक पाठवला. नवा पडदा शिल्लक नव्हता. मेकॅनिकनं त्या चाकाकडं जाणारा पाईप दुमडला आणि तारेनं आवळून टाकला. हवा गळायची थांबली. सुस्काराही थांबला. आणि त्या चाकाचा ब्रेकही संपला. बाकी तीन ठिकाणच्या तरफा पिळायच्या होत्या, त्याला दुसऱ्या गाडीवर जायचं होतं. "आल्यावर करू," म्हणाला. मी मान डोलावली. हे मी विसरू शकत नाही, की मी मान डोलावली.

चाकणहून निर्यातीचा माल भरला. बंदराच्या फाटकाची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर जहाज जातं, कंटेनर राहतो आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. लोणावळ्याला पोचेपर्यंत पाऊस लागला होता. खंडाळा मागं पडला आणि बोरघाटाचा उतार सुरू झाला. मी खालच्याच गिअरमध्ये होतो. पण मागून ढकललं जातंय हे जाणवायला लागलं. ट्रेलर स्वतःला धरत नव्हता, तो सगळा भार घोड्यावर टाकत होता. घोड्याचे ड्रम तापले. आधी वास येतो, जळक्या रबरासारखा. मग पायडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून आणखी लांब जातो. मी हँडब्रेक ओढला, पण तोही त्याच तापलेल्या ड्रमवर काम करतो.

पुढं गाड्या होत्या. एक एसटी होती. तिच्या मागच्या काचेतून एक बाई आमच्याकडं बघत होती, ते मला अजून दिसतं. मी गाडी डावीकडं घेतली आणि ट्रेलर कठड्याला घासवत नेला. लोखंड किंचाळतं तसा आवाज. वेग उतरला. माणूस चालतो तेवढा राहिला, पण गाडी थांबेना. तेव्हा पोरानं, मी काही म्हणायच्या आत, दार उघडलं, लाकडी ठोकळा घेतला आणि खाली उडी मारली. चाकाखाली ठोकळा लावणं हे क्लीनरचं काम. त्याला मीच शिकवलं होतं. रस्ता ओला होता. ठोकळा सरकला आणि त्याच्यासोबत त्याचा पायही.

गाडी थांबली. एसटी पुढं निघून गेली. तिच्यातल्या कुणाला काही कळलंही नसेल.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो आणि त्याच्या आईला फोन करायचा होता. तो फोन मी कसा केला ते इथं सांगत नाही.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत. मी पोलिसांना सांगितलं, मी तीन वेळा कळवलं होतं. मालकानं जबाब दिला, ड्रायव्हरनं आमच्याकडं कसलीही तक्रार केलेली नाही. सुपरवायझरनं तेच सांगितलं. मेकॅनिक गावाला निघून गेला. माझ्याकडं काय होतं? तोंड. आणि तोंडाचं कोण ऐकतं?

तेव्हा मी आपल्या वर्गातल्या वकीलबाईंकडं गेलो. दहावीनंतर सतरा वर्षांनी पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिलो. तिनं ओळखलं. चहा दिला आणि मोटार वाहन कायदा १९८८ काढून कलम १९० वाचून दाखवलं. वाहनात किंवा ट्रेलरमध्ये दोष आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, असा जो कुणी ते रस्त्यावर चालवतो, तो दोषी. आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही दोषी. मी म्हटलं, म्हणजे मालकही अडकतो की. ती म्हणाली, "अडकतो. पण त्याला माहीत होतं हे तुला दाखवावं लागेल. आणि तुला माहीत होतं हे तर तू स्वतःच सांगतोयस." मी गप्प बसलो. ती म्हणाली तेच खरं होतं. मला माहीत होतं.

माझं मी भोगलं, दंड भरला, ते संपलं. प्रश्न पोराच्या भरपाईचा होता. कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळावी म्हणून तेव्हा १९२३ पासूनचा कायदा होता. पण मालक म्हणाला, हा पोरगा आमच्याकडं कामालाच नव्हता. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही. ड्रायव्हरनं आपल्या मर्जीनं कुणाला तरी बसवलं असेल.

वकीलबाईंनी मला विचारलं, "तुझ्याकडं कागद म्हणून काय काय आहे ते सगळं घेऊन ये. चिठ्ठीसुद्धा टाकू नको." मी केबिनमधली पिशवी आणून तिच्या टेबलावर उपडी केली. त्यात खर्चीच्या वह्या होत्या. फेरीला निघताना मालक खर्ची देतो, परत आल्यावर हिशेब द्यावा लागतो. टोल एवढा, पंक्चर एवढं, आणि प्रत्येक फेरीला माझ्या अक्षरात एक ओळ होती, 'क्लीनर जेवण ४० रुपये'. खाली तारीख आणि सुपरवायझरची सही. एक नाही, आठ महिन्यांच्या सह्या. बाई वही बघत राहिली आणि हसली. म्हणाली, "अरे, हाच पुरावा आहे."

चार वर्षं लागली. २०१३ ला भरपाई मंजूर झाली. बाईंनी एक रुपया फी घेतली नाही, हे मी आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगतोय. त्या आता माझ्याकडं डोळे वटारून बघतायत.

त्या दिवशी मी तिच्या ऑफिसमधून बाहेर पडलो आणि स्टँडवर बराच वेळ बसून राहिलो. जेवणाचे चाळीस रुपये मी लिहिले होते, कारण ते मला परत मिळायचे होते. ब्रेकचा पाईप लिहिला नव्हता. लिहायला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. नववीत लाल पेनानं लिहून दिलेलं होतं.

तिथल्याच दुकानातून मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर 'जे दिसलं ते लिही' असं लिहिलं आणि खाली सरांचं नाव लिहिलं. सर, तुमची परवानगी घ्यायची राहिली.

त्या वहीत मी रोज सकाळी काय लिहायचो ते थोडक्यात सांगतो. नव्या पोरांना अजून तेच शिकवतो. वीस मिनिटांचं काम आहे.

गाडी सुरू करून हवा भरू द्यायची. मग इंजिन बंद करून, रेडिओ बंद करून, उभं राहून ऐकायचं. काटा खाली येतोय का बघायचं. हवेच्या टाक्यांचे खालचे नळ सोडून पाणी काढायचं. दाबलेल्या हवेत पाणी साठतं आणि व्हॉल्व्ह गंजवतं. दोन्ही पाईप हातानं चाचपायचे, जोडाचं रबर बघायचं. ते रबर एका चहा-वड्याच्या पैशात येतं. मग एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं वाकून प्रत्येक चाकाचा दांडा किती बाहेर येतो ते बघायचं. टॉमीनं प्रत्येक टायर वाजवून बघायचा. भरलेला टायर ठण्ण करतो, बसलेला धप्प करतो. नट बघायचे. नटाभोवती गंजाची रेघ ओघळलेली दिसली, तर तो ढिला आहे. खुंटी जबड्यात बसली का, ते बॅटरी मारून बघायचं आणि ट्रेलरचा ब्रेक धरून घोडा हळूच पुढं ओढून बघायचा. कंटेनरच्या चार कोपऱ्यांची चार कुलपं हातानं फिरवून बघायची. ती नीट बसली नसतील, तर वळणावर कंटेनर ट्रेलर सोडून आडवा होतो. ट्रेलरचे पुढचे पाय पूर्ण वर घेतलेत का बघायचं. शेवटी मागं जाऊन लाईट. आणि वाटेत चहाला थांबलं, की प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ हाताचा पंजा न्यायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल, तर बेरिंग गेलंय किंवा ब्रेक चिकटलाय.

जे दिसलं ते तारखेसह लिहायचं. 'ब्रेक खराब' असं नाही लिहायचं, तो निष्कर्ष झाला. 'मागचं उजवं चाक, दांडा तीन बोटं बाहेर येतो, हवा गळते, आवाज येतो' असं लिहायचं. खाली सुपरवायझरची सही. सही देत नसेल तर 'सही दिली नाही' असं लिहायचं. पुढं पुढं फोटोही काढून पाठवायचा.

आता तुम्हाला वाटेल, वही घेतली आणि सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या एका मालकाकडं होतो. एका ट्रेलरच्या चार कुलपांपैकी एकाचं डोकं तुटलेलं, दुसरं गंजून जाम. तिथं तारदोर बांधलेला. मी लिहिलं, फोटो काढला, मालकाला दिला. म्हटलं, शेठ, एवढी दोन कुलपं बसवा, मी लगेच निघतो. शेठ म्हणाले, "वही लिहिणारा नको मला, गाडी चालवणारा पाहिजे. किल्ली ठेव." मी किल्ली ठेवली. माझ्यासमोर दुसऱ्या ड्रायव्हरनं ती उचलली आणि तोच ट्रेलर घेऊन गेला. आणि मित्रांनो, तो सुखरूप पोचला. काही झालं नाही.

यातच सगळी अडचण आहे. नव्याण्णव वेळा काही होत नाही. त्या नव्याण्णव वेळा मालक बरोबर ठरतो आणि वही लिहिणारा मूर्ख ठरतो. मी दोन महिने घरी बसलो. थोरलीची अकरावीची फी भरायची होती. बायकोनं दोन शेळ्या विकल्या. शेजारी म्हणायचे, कशाला शहाणपणा केला? बायको काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "त्या पोराच्या आईला फोन केला होता त्या रात्री तुम्ही घरी येऊन जेवला नव्हता आठ दिवस. त्यापेक्षा शेळ्या गेलेल्या बऱ्या."

नंतर पनवेलच्या बाजूला एका छोट्या मालकाकडं काम मिळालं. अकरा गाड्या. त्याचा बाप ड्रायव्हर होता. त्यानं माझी वही पाहिली, दहा पानं उलटली आणि विचारलं, "हे सगळ्या गाड्यांना करता येईल का?" आज त्याच्याच यार्डात मी तपासणी करतो. वहीत लाल खूण झाली की ट्रेलर जोडला जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. तो काही साधू माणूस नाही, पैसा पैसा मोजतो. पण रस्त्यात बंद पडलेली गाडी यार्डात उभ्या गाडीपेक्षा महाग पडते, हे त्यानं हिशेबानं ताडलंय. त्याच्याकडं बघून मला वाटतं, हे जमण्यासारखं आहे.

आता थोड्या विनंत्या करतो आणि थांबतो.

आपल्यातले जे कारखान्यांत मोठ्या पदावर आहेत, माल पाठवण्याचं बघतात, त्यांना सांगणं आहे. तुम्ही फोनवर विचारता, गाडी किती वाजता पोचेल? कधीतरी विचारा, गाडी कशी आहे? ड्रायव्हर म्हणाला ट्रेलर बदलून द्या, तर त्याला कामचुकार समजू नका. तो तुमच्याही मालाचं भलं बघतोय.

जे स्वतःची गाडी चालवतात त्यांना सांगणं आहे. घाटात उतरणाऱ्या ट्रेलरच्या पुढं झपकन घुसू नका. त्याच्यापुढं जी मोकळी जागा दिसते ती त्यानं तुमच्यासाठी सोडलेली नसते, त्याच्या ब्रेकसाठी सोडलेली असते. चाकातून धूर दिसला तर हॉर्न देऊन हातानं खूण करा. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही.

आपल्यातले दोघं-तिघं आता गाड्यांचे मालक झालेत, अभिमान आहे. त्यांना मी स्टेजवरून काही सांगत नाही. जेवताना शेजारी बसतो.

आणि सर, तुम्हाला. आमच्या तुकडीनं आज शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य दिलंय. खोक्यात बारा थर्मामीटर आहेत, ते मी मुद्दाम घालायला लावले. नववीच्या पोरांना पाणी उकळायला लावा. त्यातले काही जण माझ्यासारखे १०० लिहितील. त्यांचे १०० खोडा. त्यातला एखादा उद्या ट्रेलरवर जाईल, एखादी दवाखान्यात जाईल, एखादा बांधकामावर जाईल. कुठंही गेलं तरी कुणीतरी म्हणणारच आहे की ही फेरी मार, आल्यावर बघू.

तो पोरगा, आता पोरगा कसला, दोन मुलांचा बाप आहे, मागच्या रांगेत बसलाय. भरपाईतून त्यानं स्टँडसमोर टायर-पंक्चरचं दुकान टाकलं. म्हसवडच्या यात्रेच्या गर्दीतही त्याच्या दुकानावर रांग असते. कुठलीही गाडी आली की हवा भरायच्या आधी तो चाकाचे नट तपासतो. त्याचे पैसे घेत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "आण्णानं सवय लावली." मी म्हणतो, मला सरांनी लावली. थोडी उशिरा लागली, एवढंच.

 ज्यांना परत पुण्या-मुंबईला जायचंय त्यांनी निघताना माझ्यासोबत दोन मिनिटं बाहेर या. तुमच्या टायरची हवा बघून देतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.